जागा नको म्हणणारी

१

"अर्ज मागे घेतला म्हणजे काय? कुणी घेतला?"

"मीच घेतला म्हणतात."

"आणि घेतलास का तू?"

"मावशी, अगं हात तोडून देईन, पण तो अर्ज मागे घेईन का मी?"

एवढं बोलून भाची पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. घरीदारी सगळे तिला चिमणी म्हणत. कानशिलावर केस पांढरे व्हायला लागले तरी चिमणीच. उशाशी मोबाइल पडला होता आणि त्यावर प्रवेश-कचेरीचा निरोप अजून उजळत होता: दूरध्वनीवरून झालेल्या बोलण्यानुसार आपला अर्ज मागे घेण्यात आला आहे; आपली जागा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल.

अर्ज होता पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा. वर्षभराचा कोर्स, दुसऱ्या गावी, तिथल्याच वसतिगृहात राहून करायचा. चिमणी एका शाळेत मदतनीस शिक्षिका होती. मदतनीस म्हणजे शिकवायचं सगळं तिनं आणि सही करायची दुसऱ्यानं. पहिल्या खेपेला 'मला शिकवायला का आवडतं' या रकान्यात तिनं इतकं लिहिलं, की रकान्यानं अर्धं गिळलं आणि वाक्य मध्येच लटकलं. दुसऱ्या खेपेला शिफारस करणारे सर मुदत टळल्यावर जागे झाले. या वर्षी मात्र परीक्षकांपुढे तिनं कागदाची घडी घालत, उलगडत अपूर्णांक असे शिकवले, की त्यातला एक पिकल्या मिशांचा परीक्षक म्हणाला, "मला आज पहिल्यांदा कळले." निवड झाली. आणि झाली ती वेळेवर झाली म्हणायचं, कारण नवा नियम आला होता: प्रशिक्षण नसलेल्याला येत्या वर्षापासून वर्गावर उभंच राहता येणार नाही. जागा गेली म्हणजे कोर्स गेला, वर्ग गेला, सगळंच गेलं.

मावशी उठली. ही मावशी साधी बाई नव्हती बरं. परीक्षांच्या दिवसांत नक्कल पकडायला भरारी पथक फिरतं ना, त्यात तिनं उभी नोकरी काढली होती. बाहीतली चिठ्ठी ती बाकाजवळ न जाता ओळखायची. पोरं तिला घार म्हणत. निवृत्त होऊनही नजर निवृत्त झाली नव्हती.

ती बाहेर आली, तर स्वयंपाकघराच्या दारात चिमणीची आई, म्हणजे मावशीची सख्खी थोरली बहीण, ओठांवर बोट ठेवून उभी.

"हळू बोला गं. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. रात्रभर रडत होती."

"ताई, तू काळजी करू नकोस. मी छडा लावते."

"पुढच्या वर्षी बघू म्हणावं. कोर्स कुठे पळून जातोय?"

काय हे काळीज, मावशीला वाटलं. लेकीचं आभाळ फाटलंय आणि ही बसलीय टाके घालत. ताईनं चहा पुढे केला. घोट घेताच मावशीचे दात आंबले. साखर दोनदा पडली होती. लेकीच्या दुःखात हाताला भान नाही, तिनं मनात म्हटलं, आणि तो पाक तसाच पिऊन टाकला.

मग कचेरीला फोन लावला. पलीकडचा कारकून सभ्य होता, पण ठाम.

"बाई, बोलणं झालंय. आवाज बाईमाणसाचा. आणि आम्ही परवलीचा प्रश्न विचारल्याशिवाय अर्ज मागे घेत नाही. प्रश्न होता पहिल्या शाळेचं नाव. त्यांनी क्षणात सांगितलं, 'पत्र्याची शाळा.'"

मावशीच्या हातातला रिसीव्हर जड झाला. पत्र्याची शाळा हे नाव कुठल्याही पाटीवर नव्हतं की दाखल्यावर नव्हतं. छपरावर पाऊस वाजला की शिकवणं थांबवून गाणी म्हणायची, त्या शाळेचं ते लाडाचं नाव. तिथे शिकलेल्यांना आणि त्यांच्या जिवाभावाच्यांनाच ते ठाऊक.

चोर घरातला होता. नाहीतर घरच्यासारखा.

२

"माझा संशय तुमच्यावर आहे असं समजा," मावशी मुख्याध्यापिकेला म्हणाली.

"समजले. बसा. पंखा लावू?"

मुख्याध्यापिका खमकी होती. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? चिमणीसारखी शिक्षिका मला एवढ्या पगारात पुन्हा मिळायची नाही. ती जाऊ नये असं मला दहादा वाटलं असेल. पण ती गेली नाही, तर नव्या नियमानं मलाच तिला काढावं लागेल. मग मी तिचा अर्ज बुडवून काय साधणार? ज्या फांदीवर बसलेय तीच तोडू?"

"ती लहानपणी कुठल्या शाळेत होती, माहितेय?"

"माझ्या नव्हती एवढं माहितेय. असती तर अक्षर बरं असतं."

दाराशी उभ्या चिमणीला एवढ्या दुःखातही हसू आलं, आणि आलं तसं विरून गेलं. मावशीनं मनातल्या मनात एक नाव खोडलं. ज्याला परवलीचा शब्दच ठाऊक नाही, तो कुलूप काय उघडणार?

"निरोप आला त्या दुपारी चिमणीचा मोबाइल कुठे होता?"

"इथे, माझ्या खणात. वर्गाच्या वेळात सगळ्यांचे मोबाइल इथेच असतात, माझासुद्धा. तिचा त्या दुपारी भुंग्यासारखा गुणगुणत होता. शेवटी फायलींखाली दाबला."

"क्लासवाले असणार," चिमणी म्हणाली. "प्रशिक्षणाचा अर्ज भरला की त्यांना कुठून वास लागतो कोण जाणे. 'मॅडम, मुलाखतीची तयारी करून देतो, मॅडम, हमखास प्रवेश.' अनोळखी नंबर मी बघतच नाही हल्ली."

मावशीनं मान डोलावली. खणाला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापिकेच्या कमरेला. चिमणीच्या मोबाइलवरून कुणी बोललेलं नव्हतं, हे नक्की.

ती उठली तशी मुख्याध्यापिका हलकेच म्हणाली, "मावशी, चहाडी करायची नाही मला. पण प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघितलंत का? चिमणीच्या शेजारच्या वर्गातली. मधल्या सुट्टीत एका डब्यात जेवतात दोघी."

३

पण त्याआधी भाचा. चिमणीचा भाऊ लांबच्या शहरात राहायचा आणि पत्र्याच्या शाळेत तोही शिकला होता. मावशीनं त्याला फोन लावला.

"मावशी, मी? मी कशाला माझ्या बहिणीच्या पायात पाय घालू?"

"तिनं जाऊ नये असं तू म्हणाला होतास."

"म्हणालो होतो की, मग आईजवळ कोण? एवढंच. त्यावर चिमणी म्हणाली, आई धडधाकट आहे, शेजार आहे, मावशी आहे. मी म्हटलं, ठीक. विषय संपला."

"तुझी बायको?"

"ती आणि आई दिवाणखान्याच्या पडद्यांवरून भांडल्यात, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. तिला कुठली शाळा नि कुठला पत्रा! पडदे कुठले ते विचारा, तारीखवार सांगेल."

मावशी हसली. भाचा पुढे म्हणाला, "आईचं मात्र भारी आहे हां. परवा फोन केला तर मला 'दादा, जेवलास का' म्हणाली. म्हटलं चला, मुलाचा भाऊ झालो, बढती मिळाली."

"तुझा आवाज आमच्या दादासारखाच आहे मेल्या. मलाही होतो कधीकधी भास."

दादा म्हणजे या दोघी बहिणींचा थोरला भाऊ. त्याला जाऊनही जमाना लोटला होता. मावशीला त्याची आठवण आली, डोळे ओले झाले, आणि त्या ओल्या डोळ्यांना पुढचं काही दिसलं नाही. असं होतं. माया डोळ्यांत आली की घारीलाही जमीन दिसत नाही.

दुसरं नावही तिनं खोडलं. आवाज बाईचा होता, आणि सून त्या घराच्या आठवणींत कधी शिरलीच नव्हती.

आता एकच उरली.

४

शेजारच्या वर्गावरच्या त्या शिक्षिकेला सगळी शाळा झुमका म्हणायची, कानांतल्या डुलांवरून. मावशीनं मधली सुट्टी गाठली. शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे उघडून बसले होते.

"पत्र्याची शाळा माहितेय तुला?" मावशीनं उभ्याउभ्याच विचारलं.

झुमकानं मान डोलावली. चिमणीनं त्या शाळेच्या गोष्टी तिला शंभर वेळा सांगितल्या होत्या.

"यादीत पुढचं नाव तुझं?"

पुन्हा मान डोलली.

"मग इथे सगळ्यांसमोर सांग. तिची जागा गेली तर कुणाची चांदी? ताटात ताट घालून जेवायचं आणि त्याच ताटात माती कालवायची? मी कचेरीत तक्रार टाकून आलेय. तुझं नाव घालून. चौकशी होईस्तोवर ती जागा तुलाही मिळायची नाही."

झुमकाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती बोलायला लागली आणि घशातून फक्त हवा आली, फाटक्या भात्यासारखी.

"जागा हवी होती मला," ती घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली. "देवाजवळ मागितलीही होती. हिची काढून मला दे, असं नव्हतं मागितलं."

"आता आवाज कुठे गेला?"

"मावशी, पुरे!" चिमणी उठली होती. "तिचा घसा आठवडाभर बसलाय. ओरडून ओरडून बसतो आमचा सगळ्यांचाच. फळ्यावर लिहून वर्ग घेतेय ती, पोरं टाळ्या वाजवून तिला हाक मारतात. ती फोनवर बोललीच असती, तर कारकुनाला वाटलं असतं, साप बोलतोय."

कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच गिळलं गेलं. झुमकानं डबा बंद केला.

"घरी माझं तान्हं मूल आहे, मावशी," ती म्हणाली. "त्याला सासूजवळ ठेवून जायचं ठरवलं होतं. रोज रडायचे त्या विचारानं. आता रडायचं कारण तरी गेलं. तुमचे उपकार."

ती निघून गेली. आयुष्यात मावशीनं किती पोरांना बाकावरून उठवलं, पण चुकीच्या पोराला कधी नव्हतं उठवलं. आज उठवलं, तेही भरल्या वर्गात.

आणि तिन्ही नावं खोडून झाल्यावर कागद कोरा उरला. चिमणीची पहिली शाळा ती पत्र्याची, हे माहीत असलेली आणखी एकच बाई मावशीला आठवत होती. ती स्वतः.

५

गावातल्याच प्रवेश-कचेरीच्या खिडकीपाशी मावशी आणि चिमणी उभ्या राहिल्या. फोनवरचा तोच कारकून आत होता. स्वच्छ दाढी, कानामागे पेन.

"जसं बोलणं झालं तसं सांगा," मावशी म्हणाली. "एक शब्द गाळू नका."

"गाळण्यासारखं नव्हतंच काही. फार छान बोलल्या. मी म्हटलं, प्रशिक्षणाच्या अर्जाबद्दल बोलतोय, आपणच अर्जदार ना? म्हणाल्या, 'हो, मीच.' शाळेचं नाव विचारलं, सांगितलं. म्हटलं, जागा हवी की नको? तर म्हणाल्या, 'लिहून घे.' आणि एकेक वाक्य दोनदा सांगितलं हो, सावकाश. 'माझं मूल लहान आहे, स्वल्पविराम. सबब मला येता येणार नाही, पूर्णविराम.' मग म्हणाल्या, 'वाचून दाखव.' दाखवलं. तर म्हणाल्या, 'शाबास. बस खाली.'" कारकून हसला. "मी बसलेलोच होतो! पण खरं सांगू, इतक्या वर्षांत या खुर्चीत कुणी शाबास म्हटलं नव्हतं. दिवस बरा गेला."

चिमणी म्हणाली, "मला मूलच नाही."

"ते मला कसं कळावं, बाई?"

मावशी हसत नव्हती. त्या 'बस खाली'तला 'बस' कसा लांबवला असेल, ते तिला कारकुनानं न सांगताही ऐकू येत होतं. येऊ नये म्हणून तिनं घाईनं पुढचा प्रश्न विचारला, नेहमीचा, सवयीचा.

"फोन कुठल्या नंबरवरून आला होता?"

"आला? आला नव्हता. आम्ही केला होता. अंतिम यादीआधी प्रत्येक उमेदवाराला विचारतो, येणार ना म्हणून. आधी मोबाइल लावला, दोनतीनदा, कुणी उचलला नाही. मग अर्जातला दुसरा नंबर लावला. तो पहिल्या घंटीला उचलला."

इतके दिवस सगळे एकमेकांना विचारत होते, फोन कुणी केला, फोन कुणी केला. फोन उचलला कुणी, हे विचारावं असं घारीच्याही मनात आलं नव्हतं.

दुसरा नंबर घरचा होता. दुपारी घरी एकच माणूस असायचं.

६

दोघी घराकडे निघाल्या. रस्ताभर मावशीच्या मनात एकेक चिठ्ठी बाहीतून आपोआप गळत होती. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. दोनदा पडलेली साखर. दादा, जेवलास का. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. परक्या पोरांच्या बाह्या तपासण्यात जन्म गेला आणि सख्ख्या बहिणीची मूठ कधी उघडून बघितली नाही.

आणि ते जुनं. ताई तरुण होती, चिमणी अंगावर पीत होती, तेव्हा ताईचीही निवड झाली होती. याच प्रशिक्षणासाठी. एके दिवशी ती बाळाला कडेवर घेऊन गेली आणि कुणाला न विचारता, न सांगता जागा नाकारून आली. मग पत्र्याच्या शाळेत, जिथे ती स्वतः शिकली तिथेच, जन्मभर मदतनीस राहिली. लहान पोरांना शुद्धलेखन घालत. वाक्य दोनदा, विरामचिन्हांसकट. त्या नकाराबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. घरच्यांना वाटायचं, विसरली.

विसरली नव्हती. बाकीचं सगळं विसरत चालली होती आणि तेवढंच उरलं होतं.

दारात चिमणी मागे थबकली. मावशी एकटी आत गेली. ताई खुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"बरं झालं आलीस," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा फोन आला होता."

"कुणाचा, ताई?"

"प्रशिक्षणवाल्यांचा. मी सांगून टाकलं त्यांना." तिनं घडी उलगडली, पुन्हा घातली. "तू रागावू नकोस. सगळे म्हणतात जा, आम्ही बघू बाळाकडे. बघतील गं. पण ती रात्री उठून मलाच शोधते."

"चिमणी कुठंय, ताई?"

ताईनं आतल्या रिकाम्या खोलीकडे बोट दाखवलं आणि हसली. असं हसली, की त्या हसण्यावर कुठल्या न्यायाधीशानं शिक्षा लिहावी!

मावशीनं मागे वळून पाहिलं. चिमणी उंबऱ्यात उभी होती. सगळं ऐकून झालं होतं तिचं.

तिनं आदळआपट केली नाही. आत आली, आईच्या मांडीवरचे टॉवेल उचलले, कपाटात ठेवले. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली. मावशी मागोमाग गेली.

"तुला ठाऊक होतं?"

"अर्जाचं नाही. बाकीचं..." चिमणीनं गॅसचं बटण चाचपून बघितलं. "गॅस चालू राहायचा. एकच गोष्ट चारदा विचारायची. मी म्हणायचे, वय झालं. मावशी, मी बघत होते आणि मुद्दाम बघत नव्हते. दिसलं असतं तर जाता आलं नसतं ना."

७

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, चोर सापडला, काम झालं. कचेरीत जाऊन सांगायचं, फोनवर अर्जदार नव्हती, तिची आजारी आई होती. जागा परत. मावशीही हेच म्हणाली.

"वर्षाचाच प्रश्न आहे. मी येऊन राहते ताईजवळ. माझ्यामागे कोण रडतंय?"

"राहून बघ एक दिवस," चिमणी म्हणाली आणि शाळेत गेली.

सकाळ बरी गेली. जेवण झाल्यावर ताई उठली आणि पलंगाखाली वाकून बघू लागली. मग कपाटात. मग पडद्यांमागे. "माझं मूल कुठे ठेवलंत?" तिनं मावशीला विचारलं. मावशीनं समजावलं, हात धरला, देवाचं गाणं म्हटलं, लहानपणी दोघी म्हणायच्या ते. ताईनं हात झटकला आणि धाकट्या बहिणीच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं कुणी रस्त्यावरच्या चोराकडे पाहतं. "कोण तुम्ही? मूल द्या माझं!" तिनं मावशीला ढकललं. मावशी टेबलाच्या कडेवर पडली. उठेपर्यंत दार सताड उघडं होतं.

ताई अनवाणी भर चौकात उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईच्या कडेवरचं मूल वाकून बघत होती. गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या. मावशी लंगडत पोचली, तर ताई किंचाळायला लागली. शेवटी कुणीतरी शाळेत फोन केला आणि चिमणी धावत आली.

मावशीला वाटलं, आता ही 'आई' म्हणेल आणि ताई ओळखेल. चिमणी श्वास सावरत पुढे झाली आणि म्हणाली, "बाई, तुमचं मूल माझ्याजवळ आहे. सुखरूप आहे."

"तुम्ही कोण?"

"मी तिच्या शाळेतली बाई."

ताईचे खांदे खाली आले. तिनं चिमणीला नखशिखांत न्याहाळलं, साडीवरचा खडू बघितला, आणि तिची खात्री पटली. "मग ठीक आहे. तिला ओरडू नका हं. घाबरट आहे."

"नाही ओरडणार," चिमणी म्हणाली आणि तिचा हात धरून तिला घरी घेऊन चालली.

मावशी मागे राहिली. देवा, तिनं मनात म्हटलं, तू दार उघडतोस ते असं उघडतोस, की बाहेर पडणाऱ्याच्याच अंगावर पडावं. अर्ज परत मिळवण्याचा पुरावा एकच होता, ताईचं हे आजारपण. आणि तोच पुरावा सांगत होता, की चिमणीला घराबाहेर पडता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला ताईजवळ बसवून दोघी कचेरीत गेल्या. चिमणीनं काय ठरवलंय, ते मावशीनं विचारलं नव्हतं. खिडकीत तोच कारकून. तक्रारीचा कागद त्यानं पुढे ओढला.

"तुमच्या तक्रारीमुळे पुढच्या उमेदवाराचं अडलंय, बाई. आज निकाल लावायला हवा. फोनवर कोण होतं, लागला पत्ता?"

मावशीनं चिमणीकडे पाहिलं. चिमणीनं खिडकीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. आतल्या टेबलांवर बरीच माणसं काम करत होती. त्यातली निम्मी तरी पत्र्याच्या शाळेत तिच्या आईनं घातलेलं शुद्धलेखन लिहून मोठी झाली असतील.

"मीच होते," चिमणी म्हणाली.

"म्हणजे?"

"फोन मीच घेतला होता. त्या दिवशी घरी होते. जागा नको म्हणाले. नंतर पस्तावले, म्हणून तक्रार केली. त्या दुसऱ्या बाईंचा काही संबंध नाही. तसं लिहा. जागा त्यांना द्या."

जन्मात कुणाची चिठ्ठी न सोडलेली मावशी शेजारी उभी होती. धडधडीत खोटं तिच्यासमोर लिहिलं जात होतं, आणि खाली सहीला जागा होती. चिमणीनं सही केली. अक्षर खरंच वाईट होतं.

कारकुनानं कागदावर शिक्का मारला आणि वैतागून वर पाहिलं.

"कमाल आहे तुमची. त्या बाईंच्या नावाला उगाच काळं लावलंत, आम्हाला पळवलंत. आणि मुलाबिलाचं ते खोटंच सांगितलंत मला? स्वतः काय बोललो ते ध्यानात राहत नाही आणि मुलांना शिकवायला निघालात! बरं झालं गेली जागा."

मावशीचं तोंड उघडलं. काउंटरखाली चिमणीनं तिचं मनगट धरलं, घट्ट, बांगडी रुतेपर्यंत.

"हो," ती कारकुनाला म्हणाली, "हल्ली विसरायला होतं मला."